ऑनलाईन शिकवणी कंपनीचा पैसा येतो कुठून? पालकांसाठी माहिती

भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावातही आता नीट-जेईईची तयारी मोबाईलवर होते. फी भरताना आपण शिक्षक बघतो, जाहिरात बघतो. कंपनीचा हिशेब सहसा कोणी बघत नाही. तो कसा वाचायचा, ते आम्ही इथे थोडक्यात देत आहोत.

विभागवार उत्पन्न

कोणत्या कामातून किती पैसा आला, याची ही विभागणी. फिजिक्सवालाचे उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. २०२४-२५ मध्ये तिचे उत्पन्न सुमारे २,८८७ कोटी रुपये होते. त्यात ऑनलाईन वर्गांचा वाटा साधारण ४९ टक्के आणि प्रत्यक्ष सेंटरचा ४७ टक्के. म्हणजे मोबाईलमुळे नाव झालेल्या कंपनीचा जवळपास निम्मा पैसा बाकावर बसणाऱ्या मुलांकडून आला. त्याच वर्षी तोटा सुमारे २४३ कोटींचा होता. उत्पन्न म्हणजे नफा नव्हे, हे लक्षात ठेवा.

प्रदेशवार उत्पन्न

अमेरिकेतील युडेमी कंपनीचे २०२४ चे उत्पन्न सुमारे ७८.७ कोटी डॉलर. त्यातले निम्म्याहून जास्त उत्तर अमेरिकेबाहेरून आले. भारतीय कंपन्यांच्या हिशेबात मात्र बहुधा ‘भारतात’ आणि ‘भारताबाहेर’ एवढेच दिसते. मराठवाड्यातील मुले किती, उर्दू किंवा मराठी माध्यमाची किती, हे त्यातून कळत नाही. आपल्या मुलाला शिकवणे समजते का, हे डेमो क्लासला त्याच्याशेजारी बसूनच पाहावे लागते.

आगाऊ फी

वर्षाची फी एकदम घेतली तरी जितके शिकवून झाले, तितकीच रक्कम उत्पन्न धरतात. उरलेली रक्कम कंपनीवरचे देणे असते. या हिशेबाची पद्धत बदलल्यावर बायजूजचे २०२०-२१ चे आकडे थेट सप्टेंबर २०२२ मध्ये आले आणि तोटा ४,५८८ कोटी निघाला. जुलै २०२४ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

फी भरण्याआधी विचारा

१. फी महिन्याला भरता येते का?
२. ‘हप्ता’ म्हणजे फीचे टप्पे, की आपल्या नावावर व्याजाचे कर्ज? कर्ज असेल तर क्लास बंद पडला तरी वसुली थांबेलच असे नाही.
३. मधेच सोडल्यास किती रक्कम परत मिळेल? हे लेखी घ्या.

कंपनी शेअर बाजारात असेल तर तिचा वार्षिक अहवाल तिच्या वेबसाईटवर मोफत मिळतो. घरातल्या कॉलेजच्या मुलाला सोबत घेऊन एकदा तो उघडून बघाच.