पार्श्वसंगीत पुढे कुणी आणलं?

‘सध्या काय ऐकतोयस?’ या प्रश्नाला आमच्या ग्रुपवर हल्ली गाण्याचं नाव क्वचितच येतं. कुणी ‘इंटरस्टेलर’मधला ऑर्गन पाठवतं, कुणी ‘जर्नी’ या गेममधलं चेलो, तर कुणी ‘माइनक्राफ्ट’चा पियानो लावून रात्रभर सबमिशन पूर्ण करतं. फेब्रुवारी २०२५मध्ये ‘इंटरस्टेलर’ भारतात पुन्हा लागला, तेव्हा दहा वर्षं जुन्या सिनेमाला गर्दी झाली. माझ्या ओळखीतले दोघं तर म्हणाले, ‘गोष्ट पाठ आहे, आम्ही ऐकायला चाललोय.’

यात आता कुणाला काही विचित्र वाटत नाही. पण जरा थांबून बघा. या संगीताला शब्द नाहीत, गायक नाही आणि ते मुळात वेगळं ऐकण्यासाठी केलेलंच नव्हतं. प्रेक्षकाचं लक्ष त्याच्याकडे जाऊ नये, हीच त्याची नोकरी होती. मग ते आपल्या कानापर्यंत एकटं कसं पोचलं? उत्तर शोधायला गेलं की कंपन्या आणि स्टुडिओ कमी भेटतात, ऐकणारी माणसं जास्त भेटतात.

कचऱ्यात गेलेले कागद

१९३३ साली ‘किंग काँग’साठी मॅक्स स्टायनरनं संगीत लिहिलं आणि बोलपटात मोठ्या ऑर्केस्ट्राचं पार्श्वसंगीत काय करू शकतं, हे हॉलिवूडला कळलं. पुढच्या काळात प्रत्येक मोठ्या स्टुडिओचा स्वतःचा संगीत विभाग होता. पगारावर संगीतकार, पगारावर वादक. संगीतकारानं लिहिलेल्या कागदांची मालकी स्टुडिओची. सिनेमा पूर्ण झाला की कागद गोदामात.

गोदामाचं पुढे काय झालं, ते ‘एमजीएम’च्या उदाहरणावरून कळतं. १९६९च्या सुमारास या स्टुडिओची मालकी बदलली, खर्चकपात सुरू झाली आणि जागा मोकळी करण्यासाठी संगीताच्या लायब्ररीतली स्वरलिपीची बाडं सरळ भरावात टाकली गेली. अनेक दशकांनंतर जॉन विल्सन या ब्रिटिश कंडक्टरला ‘एमजीएम’च्या जुन्या संगीतिका मंचावर वाजवायच्या होत्या. कागद नव्हतेच. त्यानं सिनेमे पुन्हा पुन्हा ऐकून एकेका वाद्याची ओळ नव्यानं लिहून काढली. २००९ साली लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्ये ते संगीत वाजलं. स्टुडिओनं फेकलेली गोष्ट एका माणसाच्या कानानं परत आणली.

त्याआधी, १९७२ साली, चार्ल्स गेरहार्ट या कंडक्टरनं ‘द सी हॉक’ नावाची रेकॉर्ड काढली. तीत एरिक कॉर्नगोल्डचं सिनेमासंगीत होतं. कॉर्नगोल्ड म्हणजे व्हिएन्नातला एकेकाळचा बालचमत्कार. नाझींमुळे त्याला मायदेश सोडावा लागला आणि तो हॉलिवूडचा संगीतकार झाला. ‘सिनेमासाठी लिहिणारा’ म्हणून गंभीर संगीतवाल्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. १९५७ साली तो गेला, तेव्हा जवळजवळ विसरला गेला होता. रेकॉर्डचा निर्माता होता त्याचा मुलगा जॉर्ज. ती चांगली खपली आणि जुन्या सिनेमासंगीताच्या रेकॉर्डची एक मालिकाच सुरू झाली.

त्याहून मजेशीर गोष्ट एल्मर बर्नस्टीनची. ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’चा हा संगीतकार. १९७४ साली त्यानं चक्क एक क्लब काढला. वर्गणी भरा, जुन्या सिनेमांचं नव्यानं रेकॉर्ड केलेलं संगीत टपालानं घरी येईल, सोबत एक नियतकालिकही. आजच्या भाषेत सबस्क्रिप्शन!

या क्लबनं एक विलक्षण काम केलं. १९६६च्या ‘टॉर्न कर्टन’साठी बर्नार्ड हर्मननं संगीत लिहिलं होतं. ‘सायको’चं अंगावर काटा आणणारं संगीत ज्याचं, तोच हा हर्मन. पण स्टुडिओला काळानुरूप, खपणारं काहीतरी हवं होतं. रेकॉर्डिंग सुरू असतानाच हिचकॉकनं त्याला काढून टाकलं, जोडी कायमची फुटली आणि सिनेमा दुसऱ्याच संगीतासह लागला. १९७५ साली हर्मन गेला. त्यानंतर बर्नस्टीननं ते नाकारलेलं संगीत रेकॉर्ड केलं. कुठल्याही थिएटरात न वाजलेलं सिनेमासंगीत वर्गणीदारांनी आपल्या घरी ऐकलं.

१९७७ साली ‘स्टार वॉर्स’ची एकही गाणं नसलेली दोन तबकड्यांची रेकॉर्ड प्रचंड खपली आणि धंद्याचे डोळे उघडले. ऐकणारे लोक मात्र आधीपासूनच होते.

नाण्यांच्या खुळखुळाटात

सिनेमाच्या संगीताला निदान ऑर्केस्ट्राची प्रतिष्ठा होती. गेमच्या संगीताला तीही नव्हती. १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये उतरत्या चार सुरांचं एक चक्र होतं, बस्स. शत्रू कमी होत जातात, उरलेले वेग घेतात, तसं तेही वेग घेतं आणि खेळणाऱ्याची छाती धडधडायला लागते. काम चोख, पण त्याला ‘संगीत’ कोण म्हणणार?

हारुओमी होसोनो म्हणाला. ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ या जपानी बँडमधला हा नावाजलेला संगीतकार. १९८४ साली त्याच्या देखरेखीखाली ‘व्हिडिओ गेम म्युझिक’ नावाची रेकॉर्ड निघाली. तीत नामको कंपनीच्या आर्केड गेममधले आवाज आणि धुना होत्या. गेमच्या संगीताची पहिली रेकॉर्ड म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं. गेम न खेळता त्याचं संगीत ऐकायचं, ही कल्पना पहिल्यांदा दुकानात विकायला आली.

दोन वर्षांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. त्याचा संगीतकार कोइची सुगियामा गेमच्या जगात कसा शिरला, ते ऐकण्यासारखं आहे. पन्नाशी ओलांडलेला, टीव्ही आणि पॉप संगीतात नाव कमावलेला हा माणूस घरी कॉम्प्युटरवर शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळायचा. गेमसोबत आलेलं अभिप्रायाचं कार्ड त्यानं भरलं आणि ते एनिक्स कंपनीकडे पोस्टानं गेलं. एवढ्या प्रसिद्ध माणसाचं कार्ड पाहून कंपनीवाले चक्रावले आणि त्यांनी त्यालाच काम दिलं. गेमसंगीताच्या इतिहासातलं एक मोठं पान असं एका चाहत्याच्या पोस्टकार्डानं उलटलं. १९८७ साली टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये, जिथे बीथोव्हन वाजतो तिथे, ‘ड्रॅगन क्वेस्ट’चं संगीत वाजलं.

नाव काय?

पण जपानमधल्या या सन्मानाची बातमी आपल्याकडे यायला काही मार्ग नव्हता. नव्वदच्या दशकात पुण्या-नाशकातल्या घरांत ‘मारिओ’ पोचला तो ‘९९९९ इन १’ असं छापलेल्या नकली कॅसेटमधून. ती टीव्हीला जोडली की कोजी कोंडोची १९८५ची धून सुरू व्हायची. कोंडोचं नाव कुठे असणार? कॅसेटवर कंपनीचंच नाव खरं नसायचं. गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्येही तेच. ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ला आपल्या दादा-काकांच्या पिढीनं ‘मुस्तफा’ हे नाव दिलं. त्याचं संगीत त्यांना अजून गुणगुणता येतं, संगीतकाराचं नाव विचारलं तर गप्प बसतील.

दोष त्यांचा नाही. खुद्द जपानमध्येही अनेक गेम कंपन्या श्रेयनामावलीत खरी नावं देत नसत. दुसऱ्या कंपनीनं आपली चांगली माणसं पळवू नयेत म्हणून टोपणनावं चालायची. १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर २’मधलं बहुतेक संगीत योको शिमोमुरा या तरुणीचं. जगभरच्या पार्लरमध्ये ते वाजत होतं आणि खेळणाऱ्यांना ती कोण हे माहीत नव्हतं.

इथे चाहते कामाला लागले. त्यासाठी एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यायला हवी. त्या काळच्या गेममध्ये गाण्यासारखं रेकॉर्ड केलेलं संगीत नसायचं. चिपला दिलेल्या सूचना असायच्या: हा सूर, एवढा वेळ, असा आवाज. ‘कमोडोर ६४’ या १९८२च्या कॉम्प्युटरमधली आवाजाची चिप एका वेळी फक्त तीन सूर काढू शकायची. ‘सुपर निन्टेंडो’ला आठ आवाज होते आणि त्या सगळ्यांसाठी ६४ किलोबाइट मेमरी. व्हॉट्सअॅपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटो याहून जड असतो.

चाहत्यांनी गेममधून या सूचनाच वेगळ्या काढल्या, त्या वाजवणारे प्रोग्राम लिहिले आणि फाइली एकमेकांना पाठवल्या. ‘कमोडोर’च्या धुनांचा ‘हाय व्होल्टेज सिड कलेक्शन’ हा संग्रह स्वयंसेवक नव्वदच्या दशकापासून सांभाळत आहेत. आज त्यात ५० हजारांहून जास्त धुना आहेत. प्रत्येक धुनेला संगीतकाराचं नाव आणि साल जोडायची त्यांची धडपड असते. रॉब हबर्डसारख्या ब्रिटिश संगीतकाराचं ऐंशीच्या दशकातलं काम आज एका जागी ऐकायला मिळतं, ते त्या कष्टामुळे.

१९९९ साली ‘ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स’ ही अमेरिकेतली साइट सुरू झाली. तिथे चाहते आवडत्या धुना नव्यानं बांधून फुकट ठेवायचे. मूळ संगीतकाराचं नाव सोबत. नऊ वर्षांनी कॅपकॉमनं ‘स्ट्रीट फायटर’ची नवी आवृत्ती काढली, तेव्हा तिचं संगीत याच मंडळींकडून करून घेतलं. ज्यांनी संगीत सांभाळलं, त्यांच्याच दारात कंपनी आली.

पुढचे टप्पे भराभर आले. २००३ साली जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये गेमसंगीताची सिंफनी मैफल झाली. २०११ साली क्रिस्टोफर टिनच्या ‘बाबा येतू’ला ग्रॅमी मिळालं. ‘सिव्हिलायझेशन ४’ या गेमसाठी केलेलं हे स्वाहिली गीत ग्रॅमी मिळवणारी पहिली गेमरचना ठरलं. २०२३पासून ग्रॅमीत गेमसंगीताला स्वतंत्र विभाग आहे. आणि २३ जुलै २०२१ रोजी, कोविडमुळे प्रेक्षकांविना उघडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, देशोदेशीचे खेळाडू मैदानात आले ते गेमच्या संगीतावर. सुरुवात ‘ड्रॅगन क्वेस्ट’नं झाली. सुगियामाच्या टोकाच्या राजकीय मतांमुळे त्या निवडीवर टीकाही झाली. दोनच महिन्यांनी तो गेला.

जतन की चोरी?

ही गोष्ट इथे गोड संपवता आली असती. पण चाहते वाटत होते ते संगीत कायद्यानं त्यांचं नव्हतं. २०२२च्या सुरुवातीला निन्टेंडोनं जुन्या गेमचं संगीत ठेवणाऱ्या एका मोठ्या यूट्यूब चॅनेलवरचे हजारांहून अधिक व्हिडिओ कॉपीराइटखाली बंद केले. यातलं बरंचसं संगीत तेव्हा अधिकृतपणे ऑनलाइन ऐकण्याची सोयच नव्हती. २०२४ साली कंपनीनं स्वतःचं संगीताचं अॅप आणलं. सोय उत्तम, पण सुरुवातीला त्यात संगीतकारांची नावंच नव्हती! चाहत्यांनी लगेच तक्रार केली.

मला दोन्ही बाजू दिसतात. कलाकाराचा पैसा कलाकाराला मिळालाच पाहिजे. पण मालकाकडे ठेवलेली वस्तू सुरक्षित राहतेच असं नाही, हे ‘एमजीएम’च्या भरावानं दाखवून दिलंय. आपल्या प्लेलिस्ट भाड्याच्या आहेत. करार संपला की ट्रॅक राखाडी होतो आणि आपण काही करू शकत नाही.

हे आपल्यापासून फार दूर नाही. मुंबईच्या हिंदी सिनेमाची गाणी विकली जात, पार्श्वसंगीत नाही. ‘शोले’चे संवाद रेकॉर्डवर आले, तेव्हाही पार्श्वसंगीत मागेच राहिलं. हे संगीत कागदावर उतरवणारे आणि वाजवणारे अनेक जण गोव्याचे होते. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनसाठी वाद्यमेळ लिहायचे. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यातलं नाव त्यांचंच, गुरूला वाहिलेली आदरांजली. देश ते नाव गात होता आणि तो खरा माणूस आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. पुढे ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं मुंबईच्या जुन्या वादकांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन २००८ साली पुस्तक केलं, म्हणून पडद्यामागच्या बऱ्याच जणांची नावं निदान छापली तरी गेली.

म्हणून आमच्या ग्रुपवर आता एक नियम आहे. नुसती लिंक टाकायची नाही. कुणाचं संगीत, कोणत्या साली, आणि माहीत असेल तर वाजवलं कुणी, हे लिहायचं. सुरुवातीला सगळ्यांना कंटाळा आला. मग त्यातच स्पर्धा लागली. परवा रात्री एका मैत्रिणीनं १९९५च्या ‘बॉम्बे’ची थीम पाठवली. खाली लिहिलं होतं: ‘संगीत ए. आर. रहमान. बासरी नवीन कुमार. दिवे बंद करून ऐका.’