७४ आणि ८५ टक्क्यांच्या मधले पाच रुग्ण

पेट किंवा सेटच्या पेपर एकमध्ये 'आंतरविद्याशाखीय संशोधन' यावर प्रश्न येतोच. चार पर्यायांपैकी एकावर खूण करून आपण मोकळे होतो. पण वेगवेगळ्या विषयांची माणसं एका टेबलाशी येतात तरी का? 'सहकार्य चांगलं असतं म्हणून' हे उत्तर मला फारसं पटत नाही. आज त्यासाठी एक शोधनिबंध तुमच्यासमोर ठेवतो. वर्ष १९७७, नियतकालिक 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन', विषय शरीरात पसरलेला वृषणाचा कर्करोग. लेखक दोनच : लॉरेन्स आइनहॉर्न आणि जॉन डोनोह्यू. दोघंही अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे. पहिला औषधांनी कर्करोगावर उपचार करणारा, दुसरा युरोलॉजिस्ट, म्हणजे सर्जन. औषधाच्या चाचणीच्या निबंधावर सर्जनचं नाव कशाला, हा प्रश्न मनात ठेवूनच पुढे वाचा.

हा रोग प्रामुख्याने पंधरा ते पस्तीस वयाच्या मुलांना होतो. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाच्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तो पसरला की बहुतेक जण वाचत नसत.

औषधाची गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेल. मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे जीवभौतिकीचे संशोधक ई. कोलाय जिवाणूंवर विद्युत क्षेत्राचा काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणू विभागेनात, नुसते दोऱ्यासारखे लांब वाढत गेले. परिणाम विजेचा नव्हता, प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून द्रावणात उतरलेल्या संयुगांचा होता. हे १९६५ साली 'नेचर'मध्ये आलं. त्यातलं सिस्प्लॅटिन हे संयुग रसायनशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं. त्याचा असा उपयोग मात्र कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

इंडियानामध्ये १९७४ पासून सिस्प्लॅटिन, व्हिनब्लास्टिन आणि ब्लिओमायसिन अशी तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली. निकाल १९७७ च्या निबंधात आहेत. तपासता येण्याजोगे रुग्ण ४७. त्यांपैकी ७४ टक्के रुग्णांत रोगाचा मागमूस उरला नाही. उरलेल्यांच्या गाठी लहान झाल्या, पण गेल्या नाहीत. बहुतेक लोकप्रिय लेख 'सिस्प्लॅटिनने चमत्कार केला' असं म्हणून इथेच थांबतात. निबंध मात्र थांबत नाही. या उरलेल्यांपैकी पाच जणांची शिल्लक गाठ एकाच जागी होती. ती कापून काढली आणि तेही रोगमुक्त झाले. ४७ मध्ये पाच म्हणजे ११ टक्के. एकूण ८५.

सर्जनचं नाव का, याचं उत्तर त्या ११ टक्क्यांत आहे.

थोडं खोलात जाऊ. हा कर्करोग बऱ्याचदा पोटाच्या अगदी मागे, कण्यालगत महाधमनीभोवती असलेल्या लसीका ग्रंथींत पसरतो. केमोथेरपी संपल्यावर रक्तातले एएफपी आणि एचसीजी हे निर्देशक सामान्य होतात, तरी स्कॅनमध्ये तिथे गाठ दिसतेच. ती काय असेल? तीन शक्यता. नुसती मेलेली ऊती असेल, तर ठीक. जिवंत कर्करोग असेल, तर आणखी औषध लागेल. किंवा टेराटोमा असेल. टेराटोमावर केमोथेरपी चालत नाही आणि तो पुढे वाढूही शकतो, म्हणून तो कापूनच काढावा लागतो. स्कॅन या तिघांतला फरक खात्रीने सांगू शकत नाही. औषधवाल्याने निर्माण केलेल्या प्रश्नाचं उत्तर सर्जनच्या हातात, आणि सर्जनने जे काढलं ते काय होतं हे पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली. इथे कुणी 'चला, सहकार्य करू' असं ठरवून बसलेलं नाही. प्रत्येकाचं काम पुढच्याशिवाय अर्धवट राहत होतं.

मग भूलतज्ज्ञ आला, आणि तोही चांगल्या बातमीमुळे नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी १९७८ मध्ये लिहिलं की ब्लिओमायसिन घेतलेले लागोपाठ पाच रुग्ण शस्त्रक्रियेनंतर श्वसन बंद पडून दगावले. हे औषध फुप्फुसांना इजा करतं. त्यांनी पुढच्या बारा जणांना शस्त्रक्रियेत ऑक्सिजन कमी प्रमाणात दिला आणि शिरेतून जाणारं द्रवही मोजून-मापून दिलं. बाराही वाचले. भूल देणाऱ्याला रुग्णाच्या केमोथेरपीचा कागद आधी दिसायलाच हवा, ही गोष्ट त्यामुळे पक्की झाली.

(संशोधनाची तयारी करताय म्हणून विचारतो : यात खटकलं का काही? दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या. वाचवलं कशाने, ऑक्सिजन कमी केल्याने की द्रव आवरल्याने? त्यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला, आणि नंतरच्या काही अभ्यासांनी बोट द्रवाकडे दाखवलं. पण लागोपाठ पाच मृत्यू पाहिलेल्या माणसाकडून एका वेळी एकच चल बदलण्याची अपेक्षा मी तरी करणार नाही.)

रुग्ण जगायला लागल्यावर प्रश्नही बदलले. ग्रंथी काढताना वीर्यस्खलन घडवणाऱ्या नसा कापल्या जायच्या. विशी-पंचविशीतला मुलगा बरा व्हायचा, पण बाप होणं अवघड व्हायचं. डोनोह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात या नसा वाचवणारी शस्त्रक्रिया विकसित केली. १९८७ मध्ये व्हिनब्लास्टिनच्या जागी इटोपोसाइड आलं.

कागदी नियम यानंतरचे आहेत, हा क्रम लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये १९९५ च्या कॅल्मन-हाइन अहवालाने कर्करोगाचे उपचार विशेषज्ञांच्या गटाकडे सोपवायला सांगितलं. मूत्रमार्ग आणि पुरुष जननेंद्रियांच्या कर्करोगांसाठी 'नाइस' या संस्थेचं मार्गदर्शन २००२ मध्ये आलं. त्यात आकडेच घालून दिले : प्रोस्टेट किंवा मूत्राशय पूर्ण काढण्याच्या शस्त्रक्रिया करणारा चमू किमान दहा लाख लोकसंख्येसाठी असावा आणि त्याने वर्षाला अशा किमान ५० शस्त्रक्रिया कराव्यात. वृषणाच्या कर्करोगासाठी किमान वीस लाख लोकसंख्या, कारण रोग दुर्मीळ, आणि हात बसायला रुग्ण तर हवेत. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अवयवांनुसार 'डिसीज मॅनेजमेंट ग्रुप' आहेत. युरोलॉजीचा त्यांतला एक.

साप्ताहिक बैठकीत आता सर्जन, औषधोपचारवाला, रेडिओथेरपीवाला, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि विशेष प्रशिक्षण घेतलेली नर्स असे सगळे एक स्कॅन समोर ठेवून बसतात. स्कॅनवर महाधमनीशेजारी दोन-तीन सेंटिमीटरची गाठ असते, आणि प्रश्न १९७७ मधलाच असतो : काढायची का?