नाउमबुर्गमधील एक शुश्रूषा

फ्रीडरिक नीत्शे हे नाव आपल्या धर्मग्रामांतील घरांत सहसा उच्चारले जात नाही, आणि उच्चारले गेलेच तर ‘देव मेला’ म्हणणारा नास्तिक म्हणून. आम्ही सेमिनरीत शिकत असताना तत्त्वज्ञानाच्या तासाला त्याच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्ये आली : त्याने ख्रिस्ती धर्मावर गरळ ओकले आणि अखेर तो वेडा झाला. जणू दुसरी गोष्ट ही पहिलीचीच शिक्षा होती! त्या वयात हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटले होते. आज ते वाटत नाही.

नीत्शेचा जन्म 1844 साली जर्मनीतील रोकेन या खेड्यात झाला. वडील तेथील लूथरपंथी देवालयाचे पाळक होते. 1849 मध्ये ते वारले आणि त्यांची तरुण विधवा फ्रान्सिस्का मुलांना घेऊन नाउमबुर्ग शहरी राहावयास गेली. पित्याचे पीठ पुत्राने चालवावे ही तिची इच्छा. मुलाने बॉन येथे धर्मशास्त्राचा अभ्यास आरंभला आणि लवकरच सोडला. 1865 च्या ईस्टरला घरी आला असता त्याने प्रभुभोजनाला जाण्यास नकार दिला. त्या दिवशी त्या माउलीच्या मनात काय कालवले असेल, हे आपल्यातील अनेक आयांना सांगावे लागणार नाही.

चोविसाव्या वर्षी बासेल विद्यापीठात प्राध्यापक झालेला हा बुद्धिमान मनुष्य डोकेदुखी व अधू दृष्टी यांनी इतका गांजला, की 1879 मध्ये त्याने नोकरी सोडली. पुढील दहा वर्षे तो स्वित्झर्लंडच्या डोंगरांत आणि इटलीतील भाड्याच्या खोल्यांत राहून लिहीत होता. 1886 साली त्याचा ‘चांगल्या-वाईटाच्या पलीकडे’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ निघाला व 1887 मध्ये नीतीच्या उगमाची चिकित्सा करणारा दुसरा. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : आपण ज्याला नीती म्हणतो ती आकाशातून पडलेली नाही. बलवानांचा सूड घेता न आल्यामुळे दुर्बलांनी आपल्या दुर्बलतेलाच सद्गुण ठरविले. भित्रेपणाला नम्रता म्हटले, असहायतेला क्षमा. म्हणून एखादी गोष्ट योग्य की अयोग्य हे न विचारता, तिने जीवन फुलते की कोमेजते, एवढेच विचारावे.

हा आरोप खोटा आहे असे एका दमात म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. मिस्सेला नियमित येणारी, कोणत्याही आज्ञेचा उघड भंग न करणारी, आणि तरीही ज्यांच्या मुखावर तारणाचा आनंद शोधूनही सापडत नाही अशी माणसे आम्ही पाहिली आहेत. आरशातही पाहिली आहेत. ज्याला आपण शील म्हणतो ते पुष्कळदा ‘लोक काय म्हणतील’ याचेच भय असते. तो भेद नीत्शेने अचूक हेरला होता.

परंतु तो तेथे थांबला नाही. 1888 मधील लेखनात त्याने दया हीच जीवनाची वैरीण ठरविली आणि दुर्बलांचा नाश इष्ट मानला. आणि 1889 च्या जानेवारीत तुरीन शहरी त्याचे मन कायमचे ढासळले. बासेलचा मित्र फ्रान्त्स ओव्हरबेक, जो धर्मशास्त्राचाच प्राध्यापक होता, धावत जाऊन त्याला घेऊन आला. येना येथील रुग्णालयानंतर 1890 मध्ये आईने त्याला नाउमबुर्गच्या घरी आणले. साठी ओलांडलेली ती पाळकाची विधवा त्याला फिरावयास नेई, भरवी, वाचून दाखवी आणि त्याची हकीकत ओव्हरबेकला पत्रांतून कळवी. 1897 साली स्वतः देवाघरी जाईपर्यंत, सात वर्षे, तिने हे केले. दया म्हणजे दुर्बलांची युक्ती, हे तिच्या मुलाचे मत. तिच्या हातांना ते ठाऊक नव्हते.

आईनंतर बहीण एलिझाबेथने भावाला वायमार येथे नेले व त्याच्या कागदपत्रांवर ताबा ठेवला. यहुदीद्वेष्ट्यांचा त्याला मनस्वी तिटकारा होता. तरी पुढे याच बहिणीने हिटलरचे स्वागत केले आणि नाझींनी नीत्शेला आपला म्हणून मिरविले. सारा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ‘जगण्यास अपात्र जीवन’ ही कल्पना 1920 मध्ये एका कायदेपंडिताने व एका मनोरोगतज्ज्ञाने पुस्तकरूपाने मांडली होती. पण 1940-41 मध्ये जर्मनीत सत्तर हजारांहून अधिक मनोरुग्ण व अपंग विषारी वायूने मारले गेले, तेव्हा जो प्रश्न विचारला गेला तो ओळखीचा होता : या जीवनात जोम किती? नाउमबुर्गच्या त्या खोलीतील रुग्ण तेव्हा हयात असता, तर त्याचे नाव यादीत येण्यास काय अडचण होती?

3 ऑगस्ट 1941 रोजी म्यून्स्टरचे बिशप क्लेमेन्स आउगुस्ट फोन गालेन यांनी संत लांबेर्टच्या देवालयात याविरुद्ध प्रवचन केले. माणूस म्हणजे जुने यंत्र किंवा लंगडा घोडा नव्हे, की निरुपयोगी ठरताच त्याला मोडीत काढावे. आज रुग्णांची पाळी, उद्या थकलेल्या म्हाताऱ्यांची आणि जखमी होऊन परतलेल्या सैनिकांची, असे त्यांनी बजावले. प्रवचनाच्या प्रती गुप्तपणे देशभर फिरल्या. त्याच महिन्यात हिटलरने वायूचा तो कार्यक्रम थांबविला. उपासमारीने व औषधांनी मारणे मात्र छुपेपणाने 1945 पर्यंत चालूच राहिले.

9 ऑक्टोबर 2005 रोजी गालेन यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. त्याच वर्षीच्या नाताळाची तारीख असलेल्या आपल्या पहिल्या परिपत्रकात पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी, ख्रिस्ती धर्माने प्रीतीला विष पाजले हा नीत्शेचा आरोप नाव घेऊन नमूद केला, आणि ख्रिस्तसभा आपल्या आज्ञांनी व मनाईंनी जीवनातील सर्वांत सुंदर गोष्ट कडू तर करीत नाही ना, या प्रश्नाला त्यांनी बगल दिली नाही. सेमिनरीतील त्या दोन वाक्यांहून हे किती वेगळे! योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू विपुल जीवनाविषयी बोलतो आणि लगेच पुढे मेंढरांसाठी प्राण देणाऱ्या मेंढपाळाविषयी. नीत्शेला यातले पहिले हवे होते. आम्ही पुष्कळदा केवळ दुसरेच शिकविले, आणि तेही उदास चेहऱ्याने.

नीत्शे 25 ऑगस्ट 1900 रोजी वारला. रोकेनमध्ये, जेथे वडील प्रवचन करीत त्याच देवालयाच्या भिंतीलगत, आई-वडिलांच्या सोबतीने त्याला पुरले आहे.