मेंदूतील विकरांचा माग काढणारे डॉ. बच्छावत

नुकतेच चालायला शिकलेले दीड-दोन वर्षांचे मूल अडखळू लागते. पाय ताठरतात, शिकलेले शब्द एकेक करून हरपतात आणि काही वर्षांतच ते अंथरुणाला खिळते. ‘मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी’ या दुर्मीळ आनुवंशिक विकाराच्या बालवयातील प्रकाराचे हे रूप होय. या विकाराच्या मुळाशी एका विकराची, म्हणजेच एन्झाइमची, उणीव असते. हे उलगडण्याच्या कामात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील एका प्रयोगशाळेचा मोलाचा वाटा आहे. तिचे प्रमुख होते डॉ. बिमल कुमार बच्छावत.

कोलकात्यात १९२५ मध्ये जन्मलेल्या बच्छावत यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेतच मायनर कून यांच्यासमवेत त्यांनी एचएमजी-कोएन्झाइम ए या संयुगावर आणि त्याचे विघटन करणाऱ्या विकरावर काम केले. हे नाव सामान्य वाचकाला अपरिचित वाटेल; पण कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी लाखो लोक घेत असलेल्या स्टॅटिन गोळ्या याच संयुगाच्या पुढच्या प्रवासात अडसर घालतात. उपाशीपोटी शरीर जी कीटोन द्रव्ये तयार करते, तीही याच वाटेने.

मायदेशी परतल्यावर बच्छावत वेल्लोरला गेले. भारतातील मेंदूशस्त्रक्रियेचे आद्य प्रवर्तक डॉ. जेकब चांडी यांनी तेथे १९४९ मध्ये मज्जाविज्ञान विभाग उभारला होता. रुग्णालयाच्या आवारातच मज्जारसायनाची प्रयोगशाळा असणे ही त्या काळात नवलाची गोष्ट होती. रसायनशास्त्रज्ञाला रुग्णांच्या इतके निकट काम करण्याची संधी आपल्याकडे आजही क्वचितच मिळते.

मज्जातंतूंवर विजेच्या तारेवरील वेष्टणासारखे मायलिनचे आवरण असते. त्यात सल्फाटाइड नावाचा, गंधकयुक्त गट जोडलेला एक मेदपदार्थ असतो. मेंदूत हा गट कोण जोडतो आणि कोण तोडतो, हा बच्छावत आणि ए. एस. बालसुब्रमणियन यांच्या संशोधनाचा विषय होता. तोडण्याचे काम अ‍ॅरिलसल्फेटेज ए हे विकर करते. ते नसेल तर सल्फाटाइड पेशींत साचत जाते आणि अखेर मायलिनच नष्ट होते. असा साठा असलेल्या ऊतीला विशिष्ट रंगद्रव्य लावले की तो भाग मूळ रंगाऐवजी निराळ्याच छटेत दिसतो. ‘मेटाक्रोमॅटिक’ हे विशेषण त्यावरूनच आले. अमेरिकी मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स ऑस्टिन आणि वेल्लोरचा गट यांनी १९६३ मध्ये मेदविकारांतील विकरांच्या मोजमापाचा संयुक्त शोधनिबंध प्रसिद्ध केला. सल्फेटेजच्या उणिवेचा धागा याच सुमारास स्पष्ट झाला. त्याआधी, १९६२ मध्ये, बच्छावत यांना वैद्यकशास्त्रासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला होता.

पुढे कोलकात्यातील प्रायोगिक वैद्यक संस्थेचे (आजची भारतीय रासायनिक जीवशास्त्र संस्था) संचालकपद आणि त्यानंतर दिल्ली विद्यापीठ असा त्यांचा प्रवास झाला. औषध किंवा विकर मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून नेमक्या पेशींपर्यंत पोहोचवावे ही कल्पना त्यांनी धरून ठेवली. त्यातूनच बुरशीनाशक अ‍ॅम्फोटेरिसिन बी या औषधाचे भारतीय लायपोसोमल रूप सिद्ध झाले. त्याच्या रुग्णचाचण्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या पुढाकाराने झाल्या. करोनाकाळात, २०२१ मध्ये, म्युकरमायकोसिसच्या रुग्णांचे नातेवाईक राज्यभर लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनसाठी वणवण करीत होते, हे वाचकांना आठवत असेल. बच्छावत यांना १९९० मध्ये पद्मभूषण मिळाले. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज या विकाराचे निदान पांढऱ्या रक्तपेशींतील त्याच विकराच्या मोजणीपासून सुरू होते. मात्र एवढ्यावर विसंबता येत नाही. काही निरोगी माणसांतही विकराची क्रिया बरीच कमी आढळते, म्हणून लघवीतील सल्फाटाइड आणि बाविसाव्या गुणसूत्रावरील जनुकाची तपासणीही करावी लागते. आई व वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात अपत्याला विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. दोघेही वाहक असण्याची शक्यता नात्यातील विवाहांत वाढते. मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा असलेल्या आपल्या समाजात हा मुद्दा डॉक्टरांनी वेळीच सांगायला हवा.

उपचारांची दिशाही विकराकडेच जाते. बाळाच्याच मूलपेशी काढून त्यांत निर्दोष जनुक घालायचे आणि त्या परत द्यायच्या, या पद्धतीला युरोपात डिसेंबर २०२० मध्ये आणि अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली. लक्षणे दिसण्याआधी किंवा अगदी सुरुवातीला दिल्यास तिचा लाभ होतो. एकदा नष्ट झालेले मायलिन ती परत आणत नाही. त्यामुळे अनेकदा मोठ्या भावंडाचा विकार उघड झाल्यावरच धाकट्याची तपासणी होते आणि त्यालाच उपचाराची संधी मिळते. अमेरिकेत या एकवेळच्या उपचाराची जाहीर किंमत होती साडेबेचाळीस लाख डॉलर.