मडगार्डची कुळकथा

नीरा नरसिंहपुरात बर्फ पडत नाही. तरी फिनलंडमधल्या औलू शहरातल्या सायकलस्वाराचं दुखणं इथल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. औलूत लोक भर हिवाळ्यात बर्फातून सायकलीनं कामावर जातात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली तिथंच भरली होती. त्यांचा ओला बर्फ आणि आपली काळी माती सायकलला एकाच जागी धरतात: टायर आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत.

चिखलाला पावसाळाच लागतो असं नाही. रब्बीत उसाला पाणी सुटतं, पाट फुटतो, पाणंदीत पाणी साचतं. वापसा यायच्या आत कुणी सायकल घातली, की टायरवर आधी पातळ थर बसतो. त्याला पाचट चिकटतं, त्यावर पुन्हा माती. थर फटीएवढा झाला की चाक जागच्या जागी थांबतं. मग उतरायचं, तुराटीनं मडगार्ड आतून कोरायचं, नाहीतर सरळ सायकल खांद्यावर घ्यायची. बर्फाचं याहून वाईट, कारण फटीत दाबला गेलेला बर्फ गोठून बसतो.

ही फट कुठून आली? १८८५ साली कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल आणली. तिची चाकं जवळजवळ सारख्या उंचीची होती आणि मागचं चाक साखळीनं फिरायचं. आधीच्या सायकलींच्या उंच चाकावरून पडण्याची भीती गेली, पण स्वार आणि साखळी दोन्ही जमिनीजवळ आले. इंग्लंडातले रस्ते तेव्हा पावसाचे, चिखलाचे आणि घोड्यांच्या लिदीचे. कामाला जाणाऱ्याचे कपडे वाचवायला दोन्ही चाकांवर लांब मडगार्ड आलं आणि बायकांचे घोळदार झगे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाला जाळी लागली. सनबीम कंपनीनं तर साखळी तेलाच्या बंद पेटीतच घातली. रस्ता वाईट असणारच, हे धरून केलेली ती सायकल होती. म्हणूनच मडगार्डखाली ऐसपैस जागा सोडलेली असायची.

हीच सायकल रॅली, हर्क्युलिस, बीएसए या नावांनी आपल्याकडे आली. पुढे मद्रासला टीआय (१९४९), सोनीपतला ॲटलस (१९५१) आणि लुधियानात हीरो (१९५६) यांनी तिचाच साचा चालू ठेवला. काळा रंग, दांड्यांचे ब्रेक, टायरवर बोटभर मोकळी जागा. मागच्या मडगार्डच्या टोकाचा पांढरा पट्टाही तिकडचाच. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये रात्री दिवे मालवलेले असत, तेव्हा तो सक्तीचा होता.

आपल्या रानानं मात्र या वारशाची कसोटी घेतली. बोटभर फट डांबरी रस्त्यावरच्या पावसाला पुरून उरते. भिजलेल्या काळीत कमी पडते. म्हणून कित्येक शेतकऱ्यांनी मडगार्ड सोडून गोठ्यात टाकलं. त्यांची अडचण खरी, पण उपाय मला पटत नाही. मडगार्ड काढलं की चिखल साखळीवर आणि बेअरिंगवर जातो, पाठीवर जातो, आणि शाळेला निघालेल्या पोराचा गणवेश गावाबाहेर पडायच्या आत खराब होतो. हल्लीच्या जाड टायरच्या सायकलींची वेगळीच तऱ्हा: टायर चिखलात शिरायचे, आणि मडगार्ड एक तर नाहीच, नाहीतर वितभर प्लॅस्टिकचं.

तेव्हा काळ्या रानात राहणाऱ्यांनी सायकल घेताना रंग आणि गिअर नंतर पाहावेत. आधी टायर आणि मडगार्डच्या मधे दोन बोटं घालून पाहावीत. ती सहज फिरली आणि साखळीवर पुरं कव्हर असलं, तरच पैसे मोजावेत.