ता. कळवण, जि. नाशिक : आपल्या पत्त्याचा इतिहास

गटाच्या ठरावावर, बँकेच्या अर्जावर आपण नेहमी लिहितो, 'ता. कळवण, जि. नाशिक'. हाताला इतकी सवय झाली आहे, की हा पत्ता पहिल्यापासूनच असा असेल असं वाटतं. तसं नाही. डोंगर आणि गिरणा नदी जागच्या जागी राहिली, पण गावांभोवतीची हद्द अनेकदा बदलली.

पूर्वी हा मुलूख बागलाणात मोडायचा. साल्हेर-मुल्हेरचे किल्ले राखणाऱ्या बागुल राजांचं ते राज्य. 1638 मध्ये ते मोगलांनी घेतलं, पुढे मराठ्यांकडे आलं आणि 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांकडे गेलं. इंग्रजांनी बागलाण खानदेश जिल्ह्यात घातलं. म्हणजे तेव्हा आपला जिल्ह्याचा कारभार धुळ्याहून चालायचा!

1869 मध्ये नगर आणि खानदेश या जिल्ह्यांतले तालुके काढून नाशिक जिल्हा केला गेला. त्यात बागलाण इकडे आलं. पुढे बागलाणातूनच कळवण वेगळा निघाला. 1883 च्या नाशिक गॅझेटियरमध्ये कळवणची माहिती स्वतंत्र दिलेली आहे. शेजारचं सुरगाणा मात्र तेव्हा संस्थान होतं. ते 1948 मध्ये विलीन झालं आणि नाशिक जिल्ह्यात आलं. शेवटचा मोठा बदल आपल्यातल्या अनेकींनी पाहिला आहे. 1999 मध्ये देवळा स्वतंत्र तालुका झाला आणि कळवणची बरीच गावं तिकडे गेली.

आता तुम्ही म्हणाल, ताई, या जुन्या गोष्टींचा आम्हाला काय उपयोग? उपयोग आहे. बाईची जात वडिलांकडून धरतात, म्हणून लग्नानंतरही जातीच्या दाखल्याला माहेरचेच कागद लागतात. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. समजा, तुमचं माहेर कळवणमधून देवळ्यात गेलेल्या गावी आहे. 1950 मध्ये देवळा तालुकाच नव्हता. मग आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर किंवा जमिनीच्या जुन्या उताऱ्यावर 'तालुका कळवण' लिहिलेलं असणार. तो कागद चुकीचा नाही, तो त्या काळचा आहे. माहेर सुरगाण्याचं असेल, तर 1948 पूर्वीचे कागद संस्थानाच्या काळातले निघतील. हे ठाऊक असलं, की कोणी 'तालुका जुळत नाही' म्हणालं तरी आपण गप्प बसून परत येणार नाही.

आणखी एक. सगळ्या हद्दी एकसारख्या नसतात. विधानसभेला कळवण आणि सुरगाणा एकत्र येतात, तर देवळा चांदवडबरोबर जातो. जमीन आणि महसूल यासाठी तहसील. घरकुल आणि गावविकासाच्या योजनांसाठी पंचायत समिती, जी महाराष्ट्रात 1962 पासून सुरू झाली. आदिवासी विकासाच्या योजनांसाठी कळवणचं प्रकल्प कार्यालय. कामाप्रमाणे दार वेगळं. चुकीच्या दारात उभं राहिलं, की दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं दोन्ही जातं.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीने माहेरचं गाव, त्याचा आजचा तालुका आणि आधीचा तालुका वहीत लिहायचा. ज्यांना आठवत नाही त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. त्यांच्या आठवणीत आहे, तोवर लिहून ठेवलेलं बरं.