अवर्षणप्रवण विभाग (महाराष्ट्र)

अवर्षणप्रवण विभाग हा महाराष्ट्रातील नऊ कृषी-हवामान विभागांपैकी सहावा विभाग होय. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात सोलापूर जिल्ह्याचा बहुतांश प्रदेश आणि अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, नाशिक, बीड, धाराशिव इत्यादी जिल्ह्यांचे काही भाग मोडतात. वार्षिक पाऊस सर्वसाधारणपणे ७५० मिलिमीटरांहून कमी असतो. विभागाचे कृषी संशोधन केंद्र सोलापूर येथे असून ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे.

वर्गीकरणाची पार्श्वभूमी

तापमान व पाऊस यांवर आधारलेले व्लादिमीर कोपेन यांचे हवामान-वर्गीकरण सर्वपरिचित आहे. त्यानुसार सोलापूर उष्ण निमशुष्क प्रदेशात येते. मात्र पेरणीच्या दृष्टीने एवढी माहिती अपुरी ठरते, कारण पडलेल्या पावसापैकी किती पाणी जमीन धरून ठेवते, याचा विचार त्यात नाही. म्हणून शेतीसाठी नकाशे आखताना ‘पीकवाढीचा कालावधी’ ही कल्पना पुढे आली. पाऊस आणि जमिनीतील साठलेला ओलावा मिळून पिकाची गरज वर्षातील किती दिवस भागवू शकतात, त्या दिवसांची ही मोजणी होय.

भारतात अशा विभागणीचे तीन नकाशे प्रचलित आहेत. नियोजन आयोगाने देशाचे १५ प्रदेश पाडले. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने मृदा आणि पीकवाढीचा कालावधी यांच्या आधारे २० कृषी-परिस्थितिकी प्रदेश ठरविले. त्यांपैकी सहाव्या प्रदेशात, म्हणजे दख्खनच्या उथळ व मध्यम काळ्या जमिनींच्या निमशुष्क पठारात, सोलापूरचा समावेश होतो. तेथे हा कालावधी ९० ते १५० दिवसांचा मानला जातो. तिसरी विभागणी १९७९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्पातील. महाराष्ट्राचे नऊ विभाग तिच्यातूनच आले. संशोधन केंद्रांची आखणी आणि वाणांच्या शिफारशी याच विभागांना धरून होत असल्याने शेतकऱ्याचा प्रत्यक्ष संबंध येतो तो या तिसऱ्या नकाशाशी.

पश्चिमेकडून पूर्वेकडे

नऊ विभागांचा क्रम पावसाच्या चढउताराशी जुळतो. कोकणात पाऊस सर्वत्र भरपूर असल्यामुळे दक्षिण व उत्तर हा भेद जमिनीवरून केला आहे. दक्षिणेस जांभी, उत्तरेस जांभी नसलेली. त्यानंतर ३,००० मिलिमीटरांहून अधिक पावसाचा घाटमाथा, मग अरुंद असे दोन संक्रमण विभाग आणि लगेच अवर्षणप्रवण विभाग. थोडक्या अंतरात पाऊस इतका उतरतो, ही या नकाशातील सर्वांत लक्षणीय बाब म्हणावी लागेल. त्यापुढे पाऊस पुन्हा वाढत जातो: निश्चित पावसाचा विभाग, मध्य विदर्भाचा मध्यम पावसाचा विभाग आणि अखेरीस पूर्व विदर्भ, जिथे कोकणाप्रमाणेच भात हे मुख्य पीक आहे.

पाऊस, जमीन आणि पिके

सोलापूरच्या शेतीचे वैशिष्ट्य केवळ कमी पावसात नाही, तो केव्हा पडतो यातही आहे. पावसाचे दोन जोर असतात. पहिला जून-जुलैमध्ये येतो, पण तो बेभरवशाचा असतो. मधल्या काळात अनेकदा दीर्घ उघडीप पडते. दुसरा, तुलनेने खात्रीचा जोर सप्टेंबरमध्ये येतो. त्यामुळे खोल काळ्या जमिनी खरिपात पड ठेवून, कुळवाच्या पाळ्या देऊन त्यांत ओल मुरवली जाते आणि उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या सुमारास रब्बी ज्वारी पेरली जाते. हे पीक पुढे मुख्यतः साठलेल्या ओलीवर वाढते. हरभरा व करडई यांचेही तसेच. उथळ, हलक्या जमिनीत ओल टिकत नाही. तिथे खरिपातील बाजरी, तूर, मटकी, हुलगा हीच पिके साधतात. पावसाचा आकडा सारखा असूनही शेजारच्या दोन शिवारांतील हंगाम वेगळे असतात, याचे कारण मातीची खोली हेच होय.

या गोष्टींचा पद्धतशीर अभ्यास सोलापुरात नकाशे तयार होण्यापूर्वीच सुरू झाला होता. १९३३ साली येथे कोरडवाहू शेती संशोधन केंद्र स्थापन झाले. बांधबंदिस्ती, विरळ पेरणी व वारंवार कोळपणी यांवर भर देणारी ‘मुंबई कोरडवाहू शेती पद्धत’ त्या काळातील संशोधनातून आकारास आली. मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाणही त्याच दशकातला. पुढे कित्येक दशके रब्बी ज्वारीचा तो प्रमुख वाण राहिला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

मर्यादा

विभागाची सीमा जिल्ह्याच्या सीमेशी जुळत नाही. सोलापूर जिल्ह्याचाही काही भाग निश्चित पावसाच्या विभागात धरला जातो. प्रत्यक्षात पाऊस हळूहळू बदलतो, नकाशावरची रेघ मात्र एका जागी थांबते. रेघेलगतच्या गावांना म्हणूनच कोणत्याही एका विभागाची शिफारस पुरती लागू पडत नाही. याहून मोठी अडचण सिंचनाची आहे. भीमा नदीवरील उजनी धरणामुळे (१९८०) सोलापूर हा राज्यातील आघाडीच्या ऊस उत्पादक जिल्ह्यांत गणला जाऊ लागला. मुळात पाऊस व जमीन पाहून आखलेल्या नकाशात कालव्याखालचा ऊस आणि कोरडवाहू ज्वारी एकाच रंगात दिसतात. डाळिंबाचे तसे नाही. कोरडी हवा त्याला मानवते, त्यामुळे ठिबक सिंचनावर ते हवामानाशी जुळवून घेते. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगाव येथे आहे.

अलीकडे ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली आहेत. पीक विम्यासाठीही मंडळ हाच घटक वापरला जातो. वाणांच्या शिफारशींसाठी मात्र नऊ विभागांची जुनी चौकट अद्याप चालू आहे.